आठवी ‘ब’साठी प्रार्थना

“आता आपण मंडळीच्या विनंत्यांकडे वळू,” पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला.

रविवारच्या उपासनेतला हा भाग मला आवडायचा. कुणाच्या घरी काय बिनसलंय ते चौकशी न करता कळायचं, आणि कळूनही आपण भोचक ठरत नसू. त्या दिवशी थोरात आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, एका मुलाला एसटीत चिकटायचं होतं, आणि साळवेबाईंची शेळी गुरुवारपासून सापडत नव्हती. शेळीसाठी मागताना पाळकसाहेबांचा आवाज ऑपरेशनपेक्षा जास्त भरून आला. मला हसू आवरेना. मी शेजारणीला कोपर मारणार, एवढ्यात ते म्हणाले,

“आणि आपल्या मिशनच्या मुलींच्या शाळेतल्या भगिनी, कुमारी कुमुदिनी पगारे. यांना आठवी ‘ब’चा वर्ग आवरत नाही. मुली ऐकत नाहीत. बाईंना घरी जाऊन रडू येतं. तर या भगिनीला सामर्थ्य मिळावं आणि त्या मुलींची कठोर मनं मऊ व्हावीत म्हणून आपण सगळे मिळून मागू या.”

कुमारी कुमुदिनी पगारे म्हणजे मी. शाळेत लागून मला जेमतेम अडीच महिने झाले होते. आणि आठवी ‘ब’ मधल्या निदान वीस मुली त्या घटकेला चर्चमध्ये, माझ्या पुढच्याच दोन रांगांत, वेणीला रिबिनी बांधून बसल्या होत्या. सगळ्यांनी डोळे मिटले. त्या वीसजणींनी मिटण्याआधी एकदा मागे वळून माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

मला माणसांचा तिटकारा नाही. धीर देणाऱ्या माणसांचा मात्र आहे, आणि तो त्या रविवारी सुरू झाला.

ही गोष्ट मी एका माणसाला सांगितली होती. आमच्या हेडमास्तरांच्या, मकासरे सरांच्या, बायकोला. मकासरेबाई दर शुक्रवारी बायकांची प्रार्थनासभा घ्यायच्या. त्या शुक्रवारी सभा संपल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “कुमुद, तुझ्या मनावर ओझं आहे. माझ्यापाशी उतरव. इथलं इथंच राहील.”

मी उतरवलं. बाईंनी ते उचललं आणि थेट पाळकसाहेबांच्या व्यासपीठावर नेऊन ठेवलं. पुढे मी त्यांना विचारलंही. त्या खऱ्याखुऱ्या गोंधळल्या. “अगं, चहाडी का केली मी? प्रार्थनेला सांगितलं!” म्हणाल्या. त्यांच्या लेखी चहाडी ती, जी सांगितल्यावर शेवटी आमेन म्हणत नाहीत.

वर्ग आवरत नव्हता हे खरंच होतं. साठ मुली, आणि खोली म्हणजे जुन्या हॉलचा प्लायवूडचं पार्टिशन टाकून केलेला अर्धा भाग. मी फळ्याकडे वळले की गुणगुणणं सुरू व्हायचं. तोंडं मिटलेली, डोळे वहीत, आणि आवाज चारी बाजूंनी. मी वळले की बंद. कोण करतंय ते शोधायचं तरी कसं? पार्टिशनच्या पलीकडे शाळेच्या गायकवृंदाची तालीम चालायची, आणि बाजाची पेटी स्वतः मकासरे सर वाजवायचे. पेटीचा त्यांना भारी नाद. गणिताचा तास आणि तालीम दोन्ही रोज एकाच वेळी.

“सर, पलीकडे पेटी चालू असते,” मी एकदा भीतभीत म्हटलं होतं. “वर्ग दुसरीकडे हलवता आला तर...”

“पेटी देवाच्या स्तुतीसाठी आहे, पगारेबाई.”

“हो सर. पण तासाला?”

“स्तुतीला काय वेळापत्रक असतं?” ते हसून म्हणाले. “तुम्ही एकेका मुलीचं नाव घेऊन प्रार्थना करा. बघा, वर्ग कसा हातात येतो.”

मी केली. खोटं कशाला सांगू, रोज सकाळी केली. मला ती नोकरी हवी होती. वडील गेल्यापासून आई मामाकडे राहत होती, म्हणजे खरं तर मामीच्या हाताखाली. मामी तिला वाईट बोलायची नाही, फक्त तिच्यासमोर भाकऱ्या मोजायची. शाळेची कमिटी डिसेंबरात मला कायम करणार की नाही ते ठरवणार होती, आणि कायम झाले की मी खोली बदलून आईला आणणार होते. आईनं तिची कपड्यांची पेटीसुद्धा बांधून ठेवली होती. एवढंच माझं मागणं होतं. वर्गाची मनं मऊ झाली काय आणि दगड राहिली काय, मला कायम व्हायचं होतं.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी वर्गात शिरले तर साठच्या साठ मुली उभ्या. हात जोडलेले, डोळे मिटलेले. आणि मधल्या रांगेतून एक जाडसर, घोगरा आवाज सुरू झाला.

“हे दयाळू पित्या...” मग घसा साफ केल्याचा आवाज. “आम्ही तुझी लेकरं, होय प्रभू, तुझ्या चरणी येतो. आमच्या या भगिनीला, कुमारी कुमुदिनी पगारे यांना, होय प्रभू, सामर्थ्य दे...”

सुकेशिनी ओहोळ. अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून दांडगी, आणि गणितात सलग दोन वर्षं नापास. पाळकसाहेबांची हुबेहूब नक्कल होती ती. तेच घसा खाकरणं, तेच दर वाक्यात ‘होय प्रभू’, तेच शेवटचा शब्द ओढणं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी करणार काय?

आमच्या लोकांत एक गोष्ट कुणी करत नाही. प्रार्थना चालू असताना कुणी डोळे उघडत नाही आणि कुणी मध्ये बोलत नाही. आदल्या वर्षी, मी इथं यायच्या आधी, कापणीच्या सणाला म्हणे पाळकसाहेब प्रार्थना करत असताना साळवेबाईंची हीच शेळी चर्चमध्ये शिरली. लोकांनी देवाला वाहायला आणलेली मक्याची कणसं ती व्यासपीठापुढे कराकरा खात होती. साऱ्या मंडळीला ऐकू येत होतं. एकानंही डोळा उघडला नाही. आमेन म्हणून पाहिलं तर कणसंही नव्हती आणि शेळीही नव्हती.

अशा लोकांच्या शाळेत मी प्रार्थना करणाऱ्या मुलीला गप्प बस म्हणणार होते? मीही डोळे मिटून उभी राहिले. प्रार्थना संपली तेव्हा तासातली दहा मिनिटं गेली होती. दुसऱ्या दिवशी पंधरा गेली. आठवड्याच्या अखेरीस सुकेशिनीनं आजारी लोक, एसटी, पाऊसपाणी, पंतप्रधान आणि साळवेबाईंची शेळी सगळं प्रार्थनेत घेतलं, आणि मला फळ्यावर तारीख लिहिण्यापुरता वेळ उरला.

मी मकासरे सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले.

“पगारेबाई, तुम्हाला कळतंय का काय घडतंय ते? आठवी ‘ब’ प्रार्थना करतेय!”

“सर, त्या थट्टा करतायत.”

“सुरुवात थट्टेनं होत असेल. पवित्र आत्मा कुठूनही शिरतो.”

“सर, पंधरा दिवस झाले, मी एक उदाहरण सोडवून दाखवलेलं नाही.”

“उदाहरणं काय, पुढच्या वर्षीही आहेत,” ते म्हणाले. “आत्मिक जागृती रोज रोज येत नाही.”

झालं. आठवी ‘ब’मध्ये जागृती आली ही बातमी सगळ्या मंडळीत पसरली, आणि ज्याला त्याला मला धीर द्यायचा उमाळा आला. चित्रकलेच्या सरांनी मला बायबलचं वचन लिहिलेली, कोकराचं चित्र काढलेली एक पट्टी दिली. कोकराचा चेहरा त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यासारखा होता. शिवणाच्या बाई तर एका पहाटे शाळेत येऊन वर्गातल्या एकेका बाकाला प्रार्थना करून तेल लावून गेल्या. कुणाला सांगितलं नाही, कारण चांगलं काम गुपचूप करायचं असतं. त्या दिवशी साठ मुलींचे निळे स्कर्ट तेलकट झाले आणि दुपारी अर्धा डझन आया माझ्यावर चालून आल्या. डाग काही गेले नाहीत. शिवणाच्या बाई मला म्हणाल्या, “अभिषेकाची खूण आहे ती.”

मला एका माणसानं तरी विचारायला हवं होतं, की बाई, तुम्ही गणितातले अवयव कसे शिकवता, मला दाखवा. किंवा, या, मी मागे बसते, गुणगुणणारी पोरगी मी शोधते. कुणी विचारलं नाही. धीर द्यायला काही लागत नाही. खुर्ची सरकवावी लागत नाही की तास बुडवावा लागत नाही. खांद्यावर हात ठेवला की झालं, देणारा हलका होऊन जातो.

सहामाहीचा निकाल लागला. आठवी ‘ब’ गणितात झोपली. मकासरे सर निकाल बघून म्हणाले, “आत्मिक प्रगतीला गुण नसतात.” पण डिसेंबर तोंडावर आला होता आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी सुकेशिनीला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं.

ती दारात उभी राहिली, दप्तर छातीशी धरून. माराची तयारी करून आली होती हे दिसत होतं.

“देवाची थट्टा करतेस, लाज वाटत नाही?” मी विचारलं.

“देवाची न्हाई करत, बाई.”

“मग कुणाची?”

तिनं थोडा विचार केला. “पाळकसायबांची. आन् जराशी तुमची.”

“का? मी काय वाकडं केलं तुझं?”

“तुमीच सांगितलं की!” ती एकदम उसळली. “समद्या चर्चमधी. आमची मनं कठोर हायेत म्हून. माझी आय तिथंच बसली व्हती. घरी गेल्यावर लाटण्यानं बडवलं तिनं मला. म्हनली, माझी लेक म्हंजे काय शेळी हाय का, चर्चमधी तिचं नाव घ्यायला!”

मी म्हणणार होते की मी सांगितलं नव्हतं. पण तिच्या आईचं लाटणं मला दिसलं.

“आणि वर्गात तुम्ही गुणगुणता ते का?” मी विचारलं. “ते तर त्याच्या आधीपासून चालू आहे.”

“त्ये तिकडं गात्यात,” तिनं पार्टिशनकडे मान उडवली. “मला मकासरे सरांनी काढलं गायनातनं. म्हनले, तुझा आवाज बाप्यावानी हाय, नाताळात लोक भितील. समदी गानी पाठ हायेत मला. पेटी वाजली की तोंडातनं येतंच, बाई. आन् मी सुरू केलं की बाकीच्या करत्यात.”

ती जाता जाता वळली. “तुमाला खरंच रडू येतं का वो घरी?”

“येतं,” मी म्हटलं.

तिनं दप्तर खांद्याला लावलं. गेली. दुसऱ्या दिवशी प्रार्थना नेहमीसारखीच झाली, फक्त माझं नाव त्यात नव्हतं.

कमिटी येण्याच्या आदल्या दिवशी मकासरे सरांनी मला ऑफिसात बोलावलं. चेहरा असा प्रसन्न, की लग्न जमवायला निघालेत.

“उद्या अध्यक्षांना आणि पाळकसाहेबांना मी मुद्दाम आठवी ‘ब’मध्येच आणतोय,” ते म्हणाले. “आधी मुलगी प्रार्थना करेल. मग तुम्ही साक्ष द्यायची. फार नको. वर्ग कसा होता, मंडळीनं कशी प्रार्थना केली, आणि वर्ग कसा झाला. एवढं बोललात की तुमचं कायमचं काम मी बघतो.”

“आणि नाही बोलले तर?”

“का नाही बोलणार?” त्यांना खरंच कळलं नाही. “खोटं कुठं आहे त्यात?”

मी खोलीवर आले आणि साक्ष पाठ केली. हो, केली. गोड साक्ष होती. ऐकणाऱ्याला गहिवर येईल अशी. आईची बांधलेली पेटी डोळ्यांपुढे ठेवून मी ती आरशासमोर म्हणून पाहिली. त्यात एक शब्दही खोटा नव्हता आणि सगळी मिळून धादांत खोटी होती.

दुसऱ्या दिवशी चार खुर्च्या आणून फळ्याखाली मांडल्या. अध्यक्ष म्हणजे मिशन दवाखान्याचे निवृत्त डॉक्टर, थोडं कमी ऐकू येणारे. त्यांच्या शेजारी पाळकसाहेब, मग मकासरे सर, आणि कडेला मकासरेबाई, हातात रुमाल तयार ठेवून. पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी तालीम नव्हती. पार्टिशनपलीकडे शांत होतं. मी पाहुण्यांना ओळखी करून देत होते, मुलींना उभं करत होते, बसवत होते, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की वर्गात कुणीही गुणगुणत नाहीये.

“सलाम, मुलींनो,” पाळकसाहेब म्हणाले.

“सलाम, पाळकसाहेब!”

“आम्ही ऐकलंय, तुम्ही फार सुंदर प्रार्थना करता. कोण करणार?”

सुकेशिनी उभी राहिली. सगळे उभे राहिले, डोळे मिटले. तिनं एकवार माझ्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

“हे दयाळू पित्या... होय प्रभू...”

तिनं काही सोडलं नाही. खाकरणं, ओढणं, मधेच थांबून सुस्कारा टाकणं. मागच्या बाकावर मुलींचे खांदे हलत होते. मी डोळे किलकिले करून पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांना काडीचा संशय आला नव्हता. स्वतःचीच नक्कल ऐकून ते गहिवरले होते, दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं. आमेन झाल्यावर ते मकासरे सरांना म्हणाले, “आत्म्यानं भरलेली मुलगी आहे. अशी प्रार्थना मी फार दिवसांत ऐकली नाही.”

“दर रविवारी ऐकता की,” असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

“आता पगारेबाई साक्ष देतील,” मकासरे सर म्हणाले.

मी पुढे झाले. पाठ केलेलं सगळं तोंडात तयार होतं. मी वर्गाकडे पाहिलं. साठ मुली माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना सगळं माहीत होतं. मी आता काय बोलणार ते माहीत होतं, का बोलणार तेही माहीत होतं. सुकेशिनी तर बाकावर रेलून अशी बघत होती, की बाईंचा नंबर आला, बघू बाई माझ्याइतकं करतात का. आणि मला त्या चार खुर्च्यांची इतकी किळस आली, त्या रुमालाची, त्या ओल्या गालांची, की पाठ केलेलं सगळं घशातून खाली गेलं.

“साक्षीच्या ऐवजी मी प्रार्थना करते,” मी म्हटलं.

“उत्तम! उत्तम!” पाळकसाहेबांनी उभं राहून ताबडतोब डोळे मिटले. त्यांच्यामागून सगळ्यांनी.

“प्रभू,” मी म्हटलं, “तुझे आभार. हा वर्ग मला आवरत नाही ही गोष्ट मी मकासरेबाईंच्या कानात सांगितली होती. तुझ्या कानात सांगायला हवी होती, म्हणजे ती चर्चमध्ये जाहीर झाली नसती. तेव्हा ज्या मुलींनी त्यापायी घरी मार खाल्ला, त्यांची भरपाई कर.”

रुमाल खुर्चीखाली पडल्याचा हलका आवाज झाला. कुणी उचलला नाही.

“ह्या मुली प्रार्थना करत नाहीत, प्रभू. तुला ते माहीत आहे. तास बुडवतात. सप्टेंबरपासून त्यांनी अवयव पाडायला शिकायचं होतं, त्यांना ते येत नाही. सहामाहीत त्या नापास झाल्या. मी हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, उदाहरणं पुढच्या वर्षीही आहेत. आमच्यासाठी पुढचं वर्ष राखून ठेवल्याबद्दल तू त्यांना आशीर्वाद दे.”

“आमेन,” मकासरे सर मोठ्यानं म्हणाले.

“आणखी, प्रभू,” मी म्हटलं.

काही इलाज नव्हता. मध्ये आमेन म्हणून थांबवता येणारी प्रार्थना अजून कुणी केलेली नाही. मी किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं, अध्यक्षांनी हात कानामागे धरला होता आणि ते पुढे झुकून ऐकत होते.

“ह्या मुलींची मनं कठोर नाहीत. पलीकडे रोज ह्याच तासाला पेटी वाजते. ती पेटी कोण वाजवतं ते तुला ठाऊक आहे. वर्ग दुसरीकडे हलवावा म्हणून मी विचारलं. मला धीर मिळाला. मला खूप धीर मिळाला, प्रभू, बाकांना तेलसुद्धा लागलं. आता धीर पुरे. एक खोली दे. सुकेशिनी ओहोळला तू एक आवाज दिलास, तो कुणाला नको झाला म्हणून ती पार्टिशनच्या ह्या बाजूनं गाते. तिला पार्टिशनच्या त्या बाजूला घेऊन जा. आणि मला शिकवायला शिकव, कारण ते मला अजून नीट येत नाही, आणि ते मला इथं कुणी शिकवलं नाही. येशूच्या नावानं मागते.”

आणि मी थांबले.

आता सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं. आमच्यात ते श्वासासारखं आहे, ठरवावं लागत नाही. पण ते म्हणणं म्हणजे मी बोलले त्यावर शिक्का मारणं, आणि न म्हणणं म्हणजे देवापुढे ती प्रार्थना उघड्यावर टाकून देणं. पाळकसाहेबांचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. मकासरेबाई जमिनीकडे तोंड करून उभ्या. कुणी डोळेही उघडेना, कारण आमेनशिवाय उघडता येत नाहीत. मला आईची पेटी दिसली, आणि मामी ती माळ्यावर ठेवताना दिसली.

“आमेन,” सुकेशिनी म्हणाली.

पाळकसाहेबांच्या आवाजात नाही. स्वतःच्या. घोगरा, बाप्यासारखा, थोडा फाटलेला. आणि तिच्यामागून बाकीच्या सगळ्या म्हणाल्या. एकही हसत नव्हती.

त्या वर्षी मला धीर देणारा तेवढा एकच शब्द. बाकी सगळी रद्दी.

पाहुणे चहा न घेता गेले. महिन्याभरात मकासरे सरांनी मला सांगितलं की कमिटीला तुमच्या शिकवण्याबद्दल काही म्हणायचं नाही, पण तुमच्यात नम्रता कमी पडते. वर्ष संपेपर्यंत राहा, कायम करता येणार नाही. हे सांगताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला.

बाजाची पेटी मात्र हलली. अध्यक्षांनी जाता जाता विचारलं होतं म्हणे, की मकासरे, तुम्ही शाळेच्या वेळात वाजवता का? ती हेडमास्तरांच्या ऑफिसात गेली, आणि नाताळापासून सुकेशिनी ओहोळ मागच्या रांगेत उभी राहून गायला लागली. लोक घाबरले नाहीत. आठवी ‘ब’ सुधारली असं मी म्हणणार नाही. त्या शेवटपर्यंत डांबरट राहिल्या. पण गणिताच्या तासाला पुन्हा कुणी प्रार्थना केली नाही, आणि एप्रिलपर्यंत सुकेशिनी अवयव पाडायला शिकली, तेही रडतखडत, मला वर शिव्या घालत.

मे महिन्यात मी मामाकडे गेले. आई ओट्याशी भाकऱ्या थापत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, “मग आमेन कुणी म्हटलं?”

“पोरींनी.”

“मग पोचली गं,” ती म्हणाली, आणि बांधलेली पेटी सोडून त्यातलं लुगडं बाहेर काढलं.

दुसऱ्या संस्थेत कायम व्हायला मला आणखी बरीच वर्षं लागली. तेवढी वर्षं आईनं मामीच्या हाताखाली काढली, आणि माझ्याकडे आली तेव्हा तिची कंबर वाकली होती. त्यासाठी मी मकासरे सरांना क्षमा केलेली नाही. शास्त्रात लिहिलंय, साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची, ते मला ठाऊक आहे. मी एकदाही केलेली नाही.

गेल्या नाताळात शाळेनं जुन्या विद्यार्थिनींचा मेळावा घेतला. मला बोलावणं आलं, मी गेले. मकासरे सर नव्वदीला टेकलेत, पण खणखणीत आहेत. पांढरी शाल पांघरून पुढच्या खुर्चीत बसले होते. त्यांचं भाषण झालं. एका उनाड वर्गाची त्यांनी गोष्ट सांगितली. एक तरुण शिक्षिका खचली होती, मंडळीनं तिच्यासाठी गुडघे टेकले, आणि त्या वर्गात काय जागृती आली म्हणून सांगू! आठवी ‘ब’ माझ्या आजूबाजूला बसली होती, नातवंडं असलेली, केस रंगवलेली. कुणीतरी तोंड मिटून गुणगुणायला लागलं. मला वळून बघायची गरज वाटली नाही.

टाळ्या झाल्या. सूत्रसंचालन सुकेशिनीकडे होतं. आता ती ओहोळ राहिलेली नाही, पण आवाज तोच आहे. ती माइकपाशी गेली आणि तिनं घसा साफ केला.

“कार्यक्रमाची सांगता प्रार्थनेनं होईल,” ती म्हणाली, “आणि प्रार्थना आमच्या पगारेबाई करतील.”

मी उठून पुढे गेले. सगळा हॉल उभा राहिला, माना खाली गेल्या, डोळे मिटले. मी माइक हातात घेतला आणि एकवार समोर पाहिलं.

मकासरे सरांचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते.

“हे दयाळू पित्या,” मी म्हटलं, आणि पुढचं बोलायची काही घाई केली नाही.